एकशेवीस, चार-चार, बारा : संगणकावरच्या संगीतरचनेची प्रस्तावना

संगणकावर संगीत रचायचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा आणि नवी फाईल घ्या. एकही स्वर अजून लागलेला नसतो, पण बरंच काही आधीच ठरून बसलेलं असतं. वरच्या पट्टीत लय 120 लिहिलेली असते, शेजारी तालाचं माप चार-चार असतं, मधल्या जाळीत प्रत्येक मात्रेचे चार सारखे तुकडे पाडलेले असतात आणि डाव्या कडेला पेटीची पट्टी उभी करून ठेवलेली असते, सप्तकात मोजून बारा स्वर. नवखा माणूस यातल्या कशालाच हात लावत नाही, कारण हात लावायचा असतो हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तो ड्रमचा एक लूप ओढून टाकतो, त्यावर चार कॉर्ड लावतो आणि पाच मिनिटांत काहीतरी झकास वाजायला लागतं. अडचण एवढीच, की ते याआधी हजारजणांनी केलेल्यासारखंच वाजतं.

हे पुस्तक त्या ठरून बसलेल्या गोष्टींबद्दल आहे. सॉफ्टवेअर चालवायचं कसं हे ओघात येईलच. बटणं कुठे आहेत ते कोणीही दाखवेल, आणि पुढच्या आवृत्तीत ती जागा बदलतील. पण पडद्यावरचा प्रत्येक आकडा कोणीतरी, कधीतरी, काहीएक सोय पाहून ठरवलेला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. ते 120 च घ्या. 1988 साली मिडी फाईलचं जे प्रमाण ठरलं त्यात असं नमूद आहे, की फाईलमध्ये लय दिलेली नसेल तर मिनिटाला 120 ठोके समजावेत आणि तालाचं माप दिलेलं नसेल तर चार-चार समजावं. यंत्राला काहीतरी धरून चालावंच लागतं, म्हणून हे धरलं. त्यात सौंदर्यशास्त्र शोधायला जाऊ नये. मात्र सोयीसाठी धरलेली गोष्ट रोज डोळ्यांसमोर राहिली की तिची सवय होते, आणि मग एक दिवस आपली सगळी गाणी त्याच लयीत सुचायला लागतात. यातलं काय आपण निवडलं आणि काय आपल्यासाठी आधीच निवडून ठेवलं होतं, हे कानाने ओळखता येणं, हाच या अभ्यासाचा गाभा आहे असं मी मानतो.

या विषयाकडे येणारी माणसं एका साच्यातली नाहीत. कोणी गायन-वादनाच्या परीक्षा देऊन येतं, कोणी गणपतीच्या मिरवणुकीसाठी हलगी मिक्स करता करता, कोणी ऑर्केस्ट्रात नाहीतर बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवता वाजवता. यातल्या पहिल्याला उरलेल्या दोघांविषयी उगाच अढी असते. ती त्याने सोडावी, कारण तंत्राच्या बाबतीत ते दोघे त्याच्या बरेच पुढे असतात. आणि त्या दोघांनीही ताल-स्वराचं शास्त्र म्हणजे म्हाताऱ्यांची कटकट हा समज सोडावा. पुढची पानं तिघांनाही एका बाकावर बसवून लिहिली आहेत.

संगणकाचं आणि संगीताचं नातं वाटतं त्याहून जुनं आहे. 1957 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी 'म्युझिक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो आकड्यांतून नाद घडवत असे. आयबीएम 704 या अवाढव्य यंत्राने गणित करायचं आणि मग त्या आकड्यांचा आवाज करायचा, असा सगळा खटाटोप. न्यूमन गटमन यांनी त्यावर केलेली पहिली रचना 17 सेकंदांची होती. ती आज ऐकली तर कोणी दाद देणार नाही, पण या विद्येचं बारसं तिथे झालं. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅकसन अगदी दुसऱ्या टोकाने निघाले होते. त्यांनी संगणकाला स्वर निवडण्याचे नियम दिले, त्यातून निघालेली स्वरलिपी चार तंतुवादकांपुढे ठेवली, आणि 'इलियाक स्वीट' ही रचना 1957 मध्ये पुरी झाली. मॅथ्यूज यांच्या यंत्राने आवाज केला, पण काय वाजवायचं ते माणसाने सांगितलं. हिलर यांच्या यंत्राने काय वाजवायचं ते सांगितलं, पण वाजवलं माणसांनी. आजच्या लॅपटॉपवर ही दोन्ही कामं एकाच खिडकीत होतात आणि गोंधळ नेमका तिथे सुरू होतो. आत्ता हे यंत्र माझा वादक आहे की माझा रचनाकार, हा प्रश्न काम करताना अधूनमधून स्वतःला विचारत राहावा.

कॉनलन नॅनकॅरो हा मेक्सिको सिटीत जाऊन राहिलेला संगीतकार तर संगणकाच्या वाटेलाही गेला नाही. आपोआप वाजणाऱ्या पियानोत कागदाची गुंडाळी घालतात. त्या गुंडाळीवर तो हाताने एकेक भोक पाडत बसे, आणि दहा बोटांना कधी जमणार नाहीत अशा लयी एकमेकींवर रचत असे. सॉफ्टवेअरमधली 'पियानो रोल' नावाची जी खिडकी आपण दिवसभर उघडी ठेवतो ती त्याच कागदाच्या घराण्यातली. माउसने एक चौकोन काढणं म्हणजे एक भोक पाडणं. नॅनकॅरोला एका रचनेला महिनेच्या महिने लागत, आपल्याला तासभर पुरतो. विचार करायला त्याला जितका वेळ मिळायचा तितका आपल्याला मिळत नाही, हे त्यातलं नुकसान.

आता मिडी. 1983 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्स आणि रोलंड या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडले गेले. एकावर पट्टी दाबली की दुसरा वाजायचा. त्यामागे डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी हे दोघे होते. या तारेतून आवाज जात नाही, ही पहिली गोष्ट पक्की करा. तारेतून जातो तो निरोप: अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. पट्ट्यांचे क्रमांक 0 ते 127, मधली पांढरी एक म्हणजे 60. जोरही 0 ते 127. आवाज कुठला काढायचा हे निरोप घेणाऱ्याने पाहायचं. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत घरच्या माणसासारखा वावरलेला ऑक्टोपॅड 1985 मध्ये आला तेव्हा त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो फक्त निरोप पाठवायचा. ज्याने तो वाजवला आहे त्याला मिडी शिकवायची गरज नाही. त्याला जे येतं त्याचं नाव तेवढं सांगायचं.

याउलट ध्वनिमुद्रण. मायक्रोफोनमधून आलेला आवाज संगणक सेकंदाला 44,100 वेळा मोजतो आणि प्रत्येक मापाचा आकडा लिहून ठेवतो. माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि एखादी कंपनसंख्या नीट पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. 44,100 चा हिशोब इथून सुरू होतो. एका मिनिटाचं स्टिरिओ मुद्रण सुमारे दहा मेगाबाइट जागा खातं, तर त्याच मिनिटाचे मिडी निरोप काही किलोबाइटमध्ये आटोपतात. एकात गायिकेचा श्वास आहे, खोलीचा घुमारा आहे, पंख्याची घरघर आहे, पण गंधार चुकला तर तो उचलून मध्यमावर ठेवणं अवघड. दुसऱ्यात गंधाराचा मध्यम एका बोटाने होतो, पण श्वास नाही. संगणकावरची सगळी रचना या दोन प्रकारच्या ट्रॅकांमध्ये ये-जा करत होते. कुठली गोष्ट कुठल्या बाजूला ठेवायची हा तारतम्याचा भाग आहे, आणि तारतम्य पुस्तकातून येतं असा माझा दावा नाही.

भातखंडे लिपीत बंदिश लिहायची सवय ज्यांना आहे त्यांनी पियानो रोलला बिचकण्याचं कारण नाही. त्या लिपीतही मात्रा आडव्या मांडलेल्या असतात, एका मात्रेतले स्वर खालच्या कंसाने बांधलेले असतात, समेची फुली आणि खालीचं शून्य असतं. फरक पडतो तो न लिहिलेल्या गोष्टींत. कागदावरचा 'ग' किती लांबवायचा, कुठून उचलायचा, कणाने घ्यायचा की सरळ, हे लिपी फारसं सांगत नाही, कारण शेजारी गुरुजी बसलेले आहेत असं तिने गृहीत धरलेलं असतं. यंत्राच्या शेजारी कोणी बसलेलं नसतं. जे लिहाल तेवढंच ते वाजवतं आणि जे लिहिलं नाही तिथे आपल्या मनाने काहीतरी ठरलेलं घालतं: सगळ्या स्वरांना सारखा जोर, सगळ्यांना सारखी लांबी. म्हणूनच पहिल्या काही महिन्यांत विद्यार्थ्याला आपल्याच चाली निर्जीव वाटायला लागतात. हा काळ कोणाला चुकत नाही. गुरुजी न बोलता काय काय करून दाखवत होते याचा पत्ता याच काळात लागतो.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. झपतालाचा ठेका संगणकात भरायचा आहे: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दहा मात्रा. सॉफ्टवेअर विचारतं, माप काय? बरेच जण पाच-चारचे दोन बार करतात, कारण दहा-चार हे माप यादीत दिसत नाही किंवा विचित्र वाटतं. लगेच मेट्रोनोम लावून ऐका. पाच-चारच्या प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर तो जोर देतो. म्हणजे पहिल्या मात्रेवर जोर, जिथे सम आहे, आणि तितकाच जोर सहाव्या मात्रेवर, जिथे खाली आहे. जिथे हात उलटा करायचा तिथे यंत्र टाळी वाजवतंय. दहा-चार घेतलं तर सम एकदाच येते, पण आतली दोन-तीन-दोन-तीन ही चाल पुसली जाते. जोरकस आणि कमी जोरकस ठोके यंत्राला कळतात. ठोका आहे पण तो रिकामा आहे, ही कल्पनाच त्याच्या मेट्रोनोममध्ये नाही.

उपाय असा, की मेट्रोनोम बंद करून आपली टाळी आपणच एका वेगळ्या ट्रॅकवर भरायची आणि खाली ऐकू यावी ती डग्ग्यातून. तबला एका ट्रॅकवर, डग्गा दुसऱ्यावर. 'धी' हा एक बोल दोन ट्रॅकांवर दोन आघात म्हणून लिहायचा. 'ना' आणि 'ती' फक्त तबल्यावर. असं केलं की डग्ग्याच्या रांगेत पहिली, तिसरी, चौथी, आठवी आणि नववी मात्रा भरलेली दिसते, आणि पाचव्यापासून सातव्यापर्यंत सलग मोकळी जागा. तीच खाली. तरीही ऐकताना काहीतरी बोचतं, कारण चौथ्या मात्रेच्या डग्ग्याचा घुमारा नमुन्यात दोन-तीन सेकंद मुद्रित झालेला असतो आणि तो खालीवर सांडत राहतो. वादक तो तळहाताने दाबतो, आपल्याला त्या स्वराची लांबी कापावी लागते. इतकं झाल्यावर मग पहिल्यांदा 'ना'च्या जोराकडे पाहायचं. पाचव्या मात्रेचा ना आणि सातव्या मात्रेचा ना सारख्या जोराचे ठेवले तर ठेका कवायतीसारखा चालतो. सातवा थोडा हलका करा, आठव्याकडे ओढ निर्माण होते. हे आकडे मी इथे देत नाही. ते ज्याचे त्याने ऐकून ठरवायचे.

जाळीचा प्रश्न याच्याच पुढचा. सॉफ्टवेअर एका मात्रेचे बारीक तुकडे करतं. अनेकांत ते 960 असतात. निम्म्यासाठी 480, तीनासाठी 320, चारासाठी 240, पाचासाठी 192: सगळे सरळ भाग जातात. सातासाठी मात्र भाग जात नाही, 137 आणि वर थोडं उरतं. लय 60 असेल तर एक तुकडा साधारण एक सहस्रांश सेकंदाचा, तेव्हा ही उरलेली किरकोळ रक्कम कानाला कळत नाही. सातपटीची तिहाई बेलाशक भरा. खरी गडबड या बारीक हिशोबात नाही, 'क्वांटाइझ' नावाच्या आज्ञेत आहे. ती दिली की थोडे पुढेमागे वाजलेले सगळे आघात जाळीच्या जवळच्या रेषेवर जाऊन बसतात. रॉजर लिन यांनी 1980 मध्ये आणलेल्या एलएम-1 या ड्रम मशीनमध्ये ही सोय होती, आणि तिच्या सोबतीला रेषेपासून ठरावीक अंतराने मागे सरकवण्याची, म्हणजे स्विंगची सोयही होती. जाळीवर बसवणं आणि जाळीवरून उठवणं ही दोन्ही औषधं एकाच बाटलीत आली. आपण पहिलं भरपूर घेतो आणि दुसरं विसरतो. एखाद्या मुरलेल्या ढोलकीवाल्याची लावणी मुद्रित करा, त्यातले आघात मोठे करून पाहा आणि दुसरा आघात मात्रेच्या नेमक्या कितव्या भागावर पडतो ते मोजा. पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणातला सगळा स्वाध्याय एवढाच आहे, आणि तो टाळून पुढे जाणाऱ्याने चौथं प्रकरण वाचू नये अशी माझी विनंती आहे.

विलंबित ख्यालाच्या लयीबद्दल दोन ओळी. विलंबित एकतालाची एक मात्रा चार-पाच सेकंदांची सहज असते, म्हणजे मिनिटाला बारा ते पंधरा. एबलटन लाइव्हमध्ये लय 20 च्या खाली उतरतच नाही. मग लय 60 ठेवून प्रत्येक मात्रेला यंत्राचे चार ठोके द्यायचे. आवर्तन अठ्ठेचाळीस ठोक्यांचं होतं. यात कमीपणा वाटायला नको. तबलजीही मात्रा तशीच भरून चालतो.

ताल असा वळवून घेता येतो. स्वर जास्त हट्टी आहेत, आणि हे भांडण महाराष्ट्राला नवं नाही. पेटीच्या बारा पट्ट्यांत आपलं संगीत मावतं का, यावर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी मोठी खडाजंगी झाली. सांगलीच्या कृ. ब. देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींप्रमाणे स्वर लावलेल्या पेटीचा प्रयोग झाला. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीला दारच बंद केलं, ते 1971 च्या सुमारास किलकिलं झालं. तोवर पेटी घरोघरी, नाटकाच्या पिटात आणि भजनाच्या फडावर जाऊन बसली होती. मिडीने तीच बारा पट्ट्यांची पेटी संगणकात नेऊन ठेवली, आणि यावेळी कोणी फारसं भांडलंही नाही.

फरक मोजता येतो. संगणकाचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) असतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार, ज्याला आपण स्वयंभू म्हणतो, तो 386 सेंटवर. पुरुषाच्या पांढरी एकमध्ये खर्ज धरला, म्हणजे 65.4 हर्ट्झ, तर त्याचा पाचवा उपस्वर 327 वर येतो आणि सिंथेसायझरचा गंधार 329.6 वर. तंबोऱ्याचं मुद्रण लावून त्यावर सिंथेसायझरचा गंधार नुसता धरून ठेवला तर दर सेकंदाला अडीचेक वेळा आवाज कमी-जास्त होताना ऐकू येतो. पंचमाची तक्रार नाही, तिथे फरक फक्त दोन सेंटचा. ज्यांना हा गंधार बोचत नाही त्यांनी अस्वस्थ होऊ नये. चार दिवस तंबोऱ्याबरोबर बसलं की बोचू लागतो, आणि मग जाहिरातींतली निम्मी गाणी ऐकवत नाहीत, हा त्याचा दुष्परिणाम.

पेटीपेक्षा संगणक इथे उदार आहे. बऱ्याच सॉफ्टवेअर वाद्यांना स्वरस्थानांचा तक्ता बाहेरून देता येतो. स्काला नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये बारा गुणोत्तरं लिहिली की गंधार खाली उतरतो. मात्र बावीस श्रुतींचा तक्ता भरून भारतीय संगीत झालं असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. गायकाचा गंधार एका जागी ठोकलेला खिळा नसतो. तो कुठून आला आणि कुठे निघाला यावर त्याची उंची ठरते, म्हणून तक्त्यापेक्षा मींडेकडे जास्त लक्ष द्यावं.

मींडेसाठी मिडीत पिच बेंडची सोय आहे आणि ती बारीक आहे: एकूण 16,384 पायऱ्या. सुरुवातीला तिची झेप वर दोन आणि खाली दोन अर्धस्वरांची असते, म्हणजे एका अर्धस्वरात 4,096 पायऱ्या. कान हरला. झेप वाढवून पूर्ण सप्तकाची केली तरी पायऱ्या कमी पडत नाहीत. अडतं ते दुसरीकडे: पिच बेंड त्या चॅनलवरच्या सगळ्या स्वरांना एकदम ओढतो. सतारीची मींड घेताना चिकारीही सरकते. म्हणून चिकारी वेगळ्या चॅनलवर ठेवायची, किंवा एमपीई ही नवी पद्धत वापरायची. तिच्यात प्रत्येक स्वराला आपला स्वतंत्र चॅनल मिळतो. त्यानंतर प्रश्न येतो तो वळणाचा. मध्यमापासून षड्जापर्यंत सरळ तिरकी रेघ काढली की ती मींड वाटत नाही. सुरुवातीला थबकून, मध्ये वेग घेऊन, षड्जाजवळ पुन्हा मंदावणारी वक्र रेघ काढा, फरक लगेच कळेल. दरबारीच्या गंधाराला तर सॉफ्टवेअरमधलं तयार कंपन लावूच नका. ते घड्याळासारखं समान हलतं आणि दरबारीचं आंदोलन तसं हलत नाही. अब्दुल करीम खाँ किंवा अमीर खाँ यांच्या ध्वनिमुद्रणाचा एक तुकडा शेजारच्या ट्रॅकवर ठेवून, त्याची रेघ डोळ्यांनी आणि कानांनी पाहून, आपली रेघ हाताने काढायची. वेळ लागतो. लागू द्यावा.

तयार आवाजांच्या पेटाऱ्याबद्दलही बोलायला हवं. 1991 मध्ये जनरल मिडी नावाची 128 वाद्यांची यादी ठरली. तिच्यात 105 व्या क्रमांकावर सतार आहे, 112 व्या क्रमांकावर सनई आहे, तालवाद्यांच्या यादीत मात्र तबला नाही, ढोलकी नाही, मृदंग नाही. आज तबल्याचे आणि हलगीचे नमुने पैसे देऊन किंवा फुकट हवे तितके मिळतात, पण बहुतेक वेळा ते एकेक बोल म्हणून न मिळता चार-आठ मात्रांचे तयार लूप म्हणून मिळतात. लूप वापरू नये असं मी म्हणत नाही. जाहिरातीचं काम संध्याकाळपर्यंत द्यायचं असतं तेव्हा मीही लूपच टाकतो. शिकताना मात्र लूप दूर ठेवावा. लूपमध्ये ठेका कोणीतरी दुसऱ्याने रचलेला असतो, आणि त्याच्या खालीचा निर्णय तुम्हाला बदलता येत नाही.

आपल्या देशात हे प्रयोग उशिरा सुरू झाले अशी एक समजूत आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला, आणि गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई अशा मंडळींनी त्यावर केलेल्या रचनांच्या टेप पुढे कित्येक वर्षं कपाटात पडून राहिल्या. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये मुंबईत दहा रागांचा एक अल्बम केला. त्यात टीआर-808, टीबी-303 आणि ज्युपिटर-8 ही रोलंडची तीन यंत्रं एकमेकांना जोडून भैरवापासून सगळं डिस्कोच्या ठेक्यावर बसवलेलं आहे. त्या वेळी त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. 2010 मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चकित झाले, कारण त्यांच्याकडे अ‍ॅसिड हाऊस म्हणून जे नंतर गाजलं त्याची चव यात होती. या अल्बमकडे गंमत म्हणून पाहू नका. 303 मध्ये स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची सोय होती, आणि रागदारीची चाल असलेल्या वादकाच्या हातात ती पडल्यावर काय होतं हे तिथे स्वच्छ ऐकू येतं.

अभ्यासकांच्या दृष्टीने त्याहून मोलाचं काम जेम्स किपेन आणि बर्नार्ड बेल यांचं. लखनौ घराण्याच्या तबल्यातले कायदे कसे वाढवले जातात याचं व्याकरण त्यांनी 1980 च्या दशकात संगणकाला शिकवायचा प्रयत्न केला. 'बोल प्रोसेसर' असं त्या प्रोग्रॅमचं नाव. यंत्राने पलटे काढायचे आणि जाणत्या वादकांनी ते ऐकून हे चालेल, हे चालणार नाही, असं सांगायचं. हिलर यांनी त्याच्या तीसेक वर्षं आधी जे केलं तेच, पण इथे परीक्षक परंपरेतले होते. हेच बेल पुढे हेमा राईरकर आणि गी पॉतव्हँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या महाराष्ट्रातल्या संग्रहाला संगणकीय नोंदींचं रूप देण्याच्या कामात होते, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. बोल प्रोसेसर आजही फुकट मिळतो. सहाव्या प्रकरणात त्याच्यावर एक कायदा उलगडला आहे.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि माझं उत्तर सगळ्यात कमी वेळा आवडतं: जे मित्राकडे आहे ते. अडलं की विचारायला माणूस हवा. एफएल स्टुडिओवर ठेके भरणं झटपट होतं, रीपर स्वस्त आणि काटक आहे, अ‍ॅपलच्या यंत्रावर गॅरेजबँड येतंच, आणि पैसे खर्चायचे नसतील तर एलएमएमएस, आर्डर आणि स्वरलिपीसाठी म्यूझस्कोर आहेत. चोरून घेतलेली प्रत वापरू नका. नीतीचा भाग सोडला तरी ती ऐन वेळी बंद पडते. एक घेतलं की वर्षभर बदलू नका. छोटा मिडी कीबोर्ड, बंद कपांचा बरा हेडफोन आणि शक्य असेल तर ऑडिओ इंटरफेस, एवढं पुरे. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो अशी तक्रार सगळ्यांची असते. बफर 256 नमुन्यांवर आणा. तो उशीर साधारण सहा सहस्रांश सेकंद होतो, म्हणजे दोन मीटरवर बसलेल्या साथीदाराचा आवाज पोचायला लागतो तेवढा. त्यावर यंत्राच्या आतला थोडा उशीर आणखी पडतो, पण तेवढ्याने हात अडत नाही.

मिक्सिंग आणि मास्टरिंग या पुस्तकात नाही. तो स्वतंत्र विषय आहे आणि त्याला चांगली खोली लागते. एक वाक्य लिहिलं की अख्खं गाणं करून देणारी नवी यंत्रंही इथे नाहीत. त्यांना माझा विरोध असण्यापेक्षा, त्यांच्यात बदलण्याजोगी जाळीच दिसत नाही म्हणून शिकायला काही उरत नाही, ही माझी अडचण. एक व्यावहारिक गोष्ट मात्र पहिल्याच प्रकरणात आहे: काम संपलं की प्रत्येक ट्रॅक वेव्ह फाईल म्हणून आणि सगळे स्वर मिडी फाईल म्हणून वेगळे काढून ठेवा. सॉफ्टवेअरची स्वतःची फाईल दहा वर्षांनी उघडेलच असं नाही, मिडी फाईल उघडेल.

इंग्रजी संज्ञा जिथे रूढ आहेत तिथे तशाच ठेवल्या आहेत. स्टुडिओत कोणी 'ध्वनिपथ' म्हणत नाही, ट्रॅकच म्हणतात. गणित नववीच्या पलीकडचं लागणार नाही. पेटी येत असेल तर उत्तम, गाता येत असेल तर त्याहून उत्तम, आणि दोन्ही येत नसलं तरी हातावर टाळी-खाली धरून झपतालाचा ठेका बोलता येत असेल तर पहिलं प्रकरण उघडायला तेवढी तयारी पुरेशी आहे.